नामदार गोखले आणि कलकत्त्याचे कायदेमंडळ

लोकमान्य म्हटले की टिळक, तसे नामदार म्हटले की गोखले, हे समीकरण मराठी मनात इतके पक्के बसले आहे की ही पदवी मुळात कशाची होती, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. टिळकांना लोकांनी दिलेले ते बिरुद होते. ‘नामदार’ हे मात्र सरकारी कायदेमंडळाच्या प्रत्येक सभासदाच्या नावामागे लागणारे रीतसर उपपद. त्या काळी असे नामदार पुष्कळ होऊन गेले. जहागीरदार होते, व्यापारी होते, नामांकित वकील होते. त्यांतील बहुतेकांची नावे आज विस्मृतीत गेली आहेत आणि उपपद मात्र एकट्या गोपाळ कृष्ण गोखले यांच्या नावाला चिकटून राहिले. ज्या सभागृहात हिंदी सभासदाचे मत मोजले तरी पारडे हलत नसे, त्या सभागृहात तेरा वर्षे बसून या गृहस्थाने नेमके काय केले, हे पाहण्याचा येथे प्रयत्न आहे.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. वडील कृष्णराव कागल संस्थानात नोकरीला होते. ते १८७९ मध्ये वारले तेव्हा गोपाळराव तेरा वर्षांचे होते. थोरले बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतील आठ रुपये ते दरमहा धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवू लागले. पुढे हिंदुस्थान सरकारच्या कोट्यवधी रुपयांच्या जमाखर्चाची चिरफाड करणाऱ्या माणसाची अर्थशास्त्राशी पहिली ओळख या आठ रुपयांत महिना भागवताना झाली, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. कोल्हापूर आणि मुंबई येथे शिक्षण घेऊन १८८४ मध्ये ते एल्फिन्स्टन महाविद्यालयातून पदवीधर झाले आणि पुण्यास न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक म्हणून रुजू झाले. नंतर डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासदत्व, फर्ग्युसन महाविद्यालयात अध्यापन, आगरकरांच्या ‘सुधारका’च्या इंग्रजी विभागाचे काम, हा क्रम सर्वपरिचित आहे.

या काळातील दोन व्यक्तींचा उल्लेख मात्र केलाच पाहिजे. पहिले न्यायमूर्ती रानडे. त्यांच्या हाताखाली सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे संपादन करताना गोखल्यांना सरकारी अहवाल वाचण्याची शिस्त लागली. एखादे विधान करायचे तर त्यामागे कोणत्या वर्षाचा, कोणत्या खात्याचा आकडा आहे, हे आधी पाहायचे, ही रानड्यांची शिकवण. दुसरे सोलापूरचे गणेश व्यंकटेश जोशी. हे व्यवसायाने सरकारी शाळेतील शिक्षक. पण हिंदुस्थानच्या वित्तव्यवहाराचे इतके सूक्ष्म ज्ञान असलेला दुसरा माणूस त्या काळी क्वचितच सापडला असता. १८९७ मध्ये वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यास गोखले विलायतेस गेले तेव्हा त्यांच्या साक्षीमागे जोशांचे परिश्रम होते, आणि पुढे कलकत्त्यातील पहिल्या गाजलेल्या भाषणामागेही होते. आपल्या इतिहासात अशा माणसांना तळटिपेतसुद्धा जागा मिळत नाही, म्हणून हे नाव येथे मुद्दाम घेतले.

वेल्बी कमिशनपुढे यश मिळाले, पण त्याच वर्षी गोखल्यांच्या वाट्याला आयुष्यातील सर्वांत मोठी मानहानी आली. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी आलेल्या गोऱ्या सैनिकांच्या अत्याचारांविषयी पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी विलायतेतील वृत्तपत्रात गंभीर आरोप केले. परत आल्यावर पुरावा मागितला गेला. पत्रे लिहिणाऱ्यांपैकी कोणी पुढे येईना आणि त्यांची नावे उघड करणे गोखल्यांना प्रशस्त वाटेना. अखेर त्यांनी बिनशर्त माफी मागितली. आरोप सिद्ध करता येत नसेल तर तो मागे घेणे हे सभ्य माणसाचे कर्तव्य, अशी त्यांची भूमिका होती. पण चाफेकर प्रकरणाने पेटलेल्या पुण्याला ती भूमिका भ्याडपणाची वाटली. त्याच वर्षीच्या अमरावतीच्या काँग्रेसमध्ये त्यांना बोलण्याची संधीसुद्धा मिळाली नाही. वयाच्या एकतिसाव्या वर्षी सार्वजनिक आयुष्य संपले असे वाटावे, असा हा प्रसंग होता.

१८९९ मध्ये ते मुंबई कायदेमंडळावर निवडून आले. १९०१ साली तेथे जमीन महसूल कायद्यातील दुरुस्तीचे विधेयक आले. सरकारजमा झालेल्या जमिनी हस्तांतराचा हक्क न देता शेतकऱ्याला द्याव्यात, अशी त्यातील तरतूद होती. सावकाराच्या तावडीतून शेतकऱ्याला सोडवण्याचा हा उपाय आहे, असे सरकार सांगत होते. पत नाहीशी झालेला शेतकरी अधिकच बुडेल, असे विरोधकांचे म्हणणे होते. फिरोजशहा मेहता सभात्याग करून गेले आणि गोखलेही त्यांच्यामागून बाहेर पडले. मतदानात हरणार हे ठाऊक असलेल्या लोकनियुक्त सभासदांनी सभागृहच सोडणे ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. या विधेयकात सरकारचा हेतू सर्वस्वी वाईट होता असे मात्र प्रस्तुत लेखकाला वाटत नाही. त्या प्रश्नाला दोन बाजू होत्या आणि विरोधकांत जमीनदार-सावकारांचे हितसंबंधही गुंतलेले होते, हे नाकारता येत नाही.

त्याच सुमारास प्रकृतीच्या कारणास्तव मेहता वरिष्ठ कायदेमंडळातील आपली जागा सोडणार होते. ती जागा आपल्याला मिळावी अशी इच्छा गोखल्यांनी त्यांना पत्राने कळवली. त्या पत्रात माफी प्रकरणाचे शल्य स्पष्ट दिसते. देशाच्या कार्याला आपल्या हातून जो कमीपणा आला, तो याच मार्गाने भरून काढण्याची त्यांची तळमळ होती. मेहतांनी पाठिंबा दिला, मुंबई कायदेमंडळाच्या बिनसरकारी सभासदांनी त्यांची निवड केली आणि वयाच्या छत्तिसाव्या वर्षी गोखले कलकत्त्यास गेले.

हे वरिष्ठ कायदेमंडळ होते तरी कसे? आजच्या संसदेची कल्पना डोळ्यांसमोर ठेवून त्याकडे पाहिले तर फसगत होते. १८९२ च्या कायद्यानुसार व्हाइसरॉय, त्यांच्या कार्यकारी मंडळाचे सभासद आणि जास्तीत जास्त सोळा जादा सभासद, एवढाच त्याचा पसारा. निवडणुकीच्या मार्गाने येणारे सभासद अवघे पाच. चार प्रांतिक कायदेमंडळांकडून एकेक आणि पाचवा कलकत्त्याच्या गोऱ्या व्यापाऱ्यांच्या मंडळाकडून. तीही निवड म्हणजे कायद्याच्या भाषेत केवळ शिफारस. अखेरची नेमणूक सरकारच करी. अंदाजपत्रकावर वर्षातून एकदा चर्चा होई, पण मतदान नसे. दुरुस्ती सुचवता येत नसे. प्रश्न विचारता येई, पण उत्तर असमाधानकारक वाटल्यास उपप्रश्न विचारण्याची सोय नव्हती. सभासद लिहून आणलेली भाषणे करीत, सरकार आभार मानी आणि अंदाजपत्रक जसेच्या तसे राही.

२६ मार्च १९०२ रोजी गोखल्यांनी या सभागृहात अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. त्या वर्षी सरकारी तिजोरीत मोठी शिल्लक होती आणि तिच्याबद्दल अर्थमंत्र्यांचे अभिनंदन करण्याचा शिरस्ता होता. गोखल्यांनी अभिनंदन करण्याचे नाकारले. देशात दुष्काळ आणि प्लेग यांनी माणसे मरत असताना तिजोरीत शिल्लक कशी राहते, हा त्यांचा प्रश्न. त्याचे उत्तर त्यांनी हुंडणावळीच्या दरात शोधले. रुपयाची किंमत घसरत होती तेव्हा विलायतेस पाठवायच्या रकमेचा भार वाढतो म्हणून सरकारने एकामागून एक कर वाढवले होते. १८९३ मध्ये टांकसाळी खाजगी चांदीला बंद करून पुढे रुपया एक शिलिंग चार पेन्सवर स्थिर करण्यात आला. भार हलका झाला. वाढवलेले कर मात्र तसेच राहिले. तेव्हा ही शिल्लक समृद्धीची खूण नाही. लोकांकडून गरजेपेक्षा अधिक घेतलेला तो पैसा आहे, आणि तो परत तरी करावा किंवा शिक्षण व आरोग्य यांवर तरी खर्चावा, असा तो युक्तिवाद होता. त्यात आवेश नव्हता, अलंकार नव्हते. सरकारच्याच पुस्तकांतील आकडे सरकारपुढे वेगळ्या क्रमाने मांडले होते इतकेच. पुण्यात माफीमुळे ज्याची निर्भर्त्सना झाली, त्या माणसाचे नाव या एका भाषणाने देशभर झाले.

मिठावरील कराचा मुद्दा त्यांनी पुढे वर्षानुवर्षे लावून धरला. १८८८ पासून मणाला अडीच रुपये असलेला हा कर १९०३ मध्ये दोन रुपये, १९०५ मध्ये दीड रुपया आणि १९०७ मध्ये एक रुपया झाला. प्राप्तिकराची किमान मर्यादाही १९०३ मध्ये पाचशेवरून हजारावर गेली. या सवलती एकट्या गोखल्यांमुळे मिळाल्या असे म्हणणे धाडसाचे ठरेल. तिजोरीत पैसा होता म्हणून त्या देता आल्या. परंतु मत देता येत नसलेल्या सभागृहातही सरकारला दरवर्षी उत्तर द्यायला लावता येते, हे त्यांनी दाखवून दिले. कर्झनशाहीतील विद्यापीठ कायदा आणि सरकारी गुपितांचा कायदा यांना त्यांनी कसून विरोध केला. दोन्ही १९०४ मध्ये मंजूर झाले. त्याच वर्षाच्या आरंभी सरकारने त्यांना सी.आय.ई. हा किताब दिला होता, हा त्या राज्यकारभारातील एक गमतीदार विरोधाभास.

मराठीचा अध्यापक म्हणून येथे एक खंत नोंदवावीशी वाटते. गोखल्यांचे हे सारे कर्तृत्व इंग्रजीत आहे. टिळकांचा अग्रलेख किंवा आगरकरांचा निबंध मराठी वाचकाच्या ओठावर असतो. गोखल्यांचे एकही वाक्य तसे नाही. आपल्या भाषेत त्यांनी फारसे लिहिले नाही, आणि भाषेने त्यांना आपले मानले नाही. त्यामुळे टिळक-गोखले वाद हा आपल्याकडे बहुधा एकाच बाजूच्या शब्दांत सांगितला गेला. न. र. फाटक यांनी ‘आदर्श भारत सेवक’ हा चरित्रग्रंथ लिहून ही उणीव बरीचशी भरून काढली. त्या ग्रंथाला १९७० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ज्या सभासदांनी तो अद्याप वाचला नसेल, त्यांनी तो जरूर वाचावा.

१२ जून १९०५ रोजी पुण्यात भारत सेवक समाजाची स्थापना, त्याच वर्षी बनारस काँग्रेसचे अध्यक्षपद, नंतर विलायतेत भारतमंत्री मोर्ले यांच्या भेटीगाठी आणि १९०७ मध्ये सुरतेची फूट, या घटनांचा तपशील येथे देण्याचे कारण नाही. १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी कायदेमंडळाचा आकार वाढला. जादा सभासद साठापर्यंत गेले आणि त्यांपैकी सत्तावीस निवडणुकीने येऊ लागले. सार्वजनिक महत्त्वाच्या विषयावर ठराव मांडता येऊ लागला, ठरावावर मतदान होऊ लागले. मूळ प्रश्नकर्त्याला उपप्रश्नही विचारता येऊ लागला. मात्र वरिष्ठ कायदेमंडळात सरकारी सभासदांचे बहुमत कायम राहील याची दक्षता घेण्यात आली, आणि मुसलमानांसाठी स्वतंत्र मतदारसंघ निर्माण झाले. या नव्या सभागृहात मदनमोहन मालवीय, भूपेंद्रनाथ बसू, महंमद अली जीना यांच्यासारखी मंडळी गोखल्यांच्या जोडीला आली.

नव्या कायदेमंडळापुढे आरंभीच, फेब्रुवारी १९१० मध्ये, वृत्तपत्रांवर जामिनाची सक्ती करणारा प्रेस कायदा आला. नाशिकला जॅक्सनचा खून होऊन दोन महिनेही झाले नव्हते. मालवीय आणि बसू यांनी विरोधात मत दिले. गोखल्यांनी मात्र अनेक आक्षेप नोंदवूनही विधेयकाला विरोध केला नाही. हिंसेची लाट आली आहे, अशा वेळी विरोध केला तर नुकत्याच मिळालेल्या सुधारणाच धोक्यात येतील, असा त्यांचा हिशोब असावा. तो हिशोब चुकला असे म्हणणे भाग आहे. या कायद्याने पुढील दशकभर देशी वृत्तपत्रांची जी मुस्कटदाबी केली, तिला कोणतीही सुधारणा अडवू शकली नाही. १९०७ मध्ये सभाबंदीच्या कायद्याला निकराने विरोध करणारे गोखले तीन वर्षांनी असे का वागले, हा त्यांच्या चरित्रातील न सुटणारा सल आहे. त्यांच्या भक्तांनी तो लपवू नये.

त्याच महिन्यात त्यांनी दुसरे एक मोठे काम केले. नाताळमध्ये गिरमिटिया मजूर पाठवणे बंद करावे, असा ठराव त्यांनी २५ फेब्रुवारी रोजी मांडला आणि सरकारने तो स्वीकारला. १ जुलै १९११ पासून नाताळची भरती थांबली. दोन वर्षांनी, ४ मार्च १९१२ रोजी, ही पद्धतच सर्व वसाहतींपुरती बंद करावी असा व्यापक ठराव त्यांनी आणला. तो सरकारी बहुमताने फेटाळला गेला. चार वर्षांनी मालवीयांनी हाच विषय पुन्हा मांडला तेव्हा सरकारला तो मान्य करावा लागला.

परंतु गोखल्यांचा सर्वांत अधिक जीव गुंतला होता तो प्राथमिक शिक्षणाच्या प्रश्नात. १९११ च्या खानेसुमारीत देशातील साक्षरांचे प्रमाण शेकडा सहाच्या आत-बाहेर होते. स्त्रियांमध्ये ते शेकडा एक. १९१० मध्ये त्यांनी या विषयावर ठराव मांडला आणि आश्वासन मिळाल्यावर मागे घेतला. सरकारने स्वतंत्र शिक्षण खाते काढून हारकोर्ट बटलर यांच्याकडे सोपवले. पण सक्तीचे नाव निघेना. तेव्हा १६ मार्च १९११ रोजी गोखल्यांनी स्वतःच विधेयक मांडले.

ते विधेयक आज वाचले तर त्याच्या सौम्यपणाचे आश्चर्य वाटते. ज्या भागात शाळेत जाणाऱ्या मुलांचे प्रमाण आधीच एका ठरावीक पातळीला पोचले असेल, तेथील नगरपालिकेला किंवा लोकल बोर्डाला, तिची इच्छा असल्यास आणि सरकारची परवानगी मिळाल्यास, सहा ते दहा वर्षांच्या मुलांना शिक्षण सक्तीचे करता यावे, इतकीच मागणी. महिना दहा रुपयांहून कमी मिळकत असलेल्या पालकाच्या मुलाला फी माफ. खर्चाचा दोन तृतीयांश वाटा सरकारने उचलावा असे त्यांनी सुचवले होते. सक्ती आरंभी फक्त मुलग्यांना, मुलींना ती नंतर लागू करता यावी अशी सोय ठेवलेली.

येथे आपल्या बडोद्याचा संबंध येतो. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ मध्ये तो कायद्याने सबंध राज्याला लागू केला, मुलींसह. बडोद्याच्या राजाला जे जमते ते हिंदुस्थानच्या साम्राज्याला का जमू नये, हा गोखल्यांच्या भात्यातील सर्वांत टोकदार बाण होता, आणि सरकारपाशी त्याला उत्तर नव्हते. एका संस्थानिकाच्या हुकुमाने होणारी गोष्ट परकीय सरकारला करणे अवघड आहे, असेच काहीसे सांगून वेळ मारून नेण्यात आली. गोखले कलकत्त्यात या विधेयकासाठी झगडत होते त्याच वर्षांत, १९१० पासून, महाराज अमेरिकेहून बोर्डन यांना आणून गावोगाव ग्रंथालये उघडत होते. शाळेत शिकलेला मुलगा पुढे वाचीत राहिला पाहिजे, हा त्यामागील विचार. आपले ग्रंथालय ज्या हवेत वाढले ती ही हवा. निष्पक्षपणे सांगायचे तर या बाबतीत महाराज गोखल्यांच्या पुढे होते, आणि त्या दोघांच्याही पुढे महात्मा फुले होते. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे ही मागणी फुल्यांनी १८८२ मध्येच हंटर कमिशनपुढे केली होती.

विधेयक मतांसाठी देशभर फिरवण्यात आले. प्रांतिक सरकारांनी प्रतिकूल अभिप्राय दिले. १८ मार्च १९१२ रोजी गोखल्यांनी ते सिलेक्ट कमिटीकडे सोपवावे असा प्रस्ताव मांडला आणि दोन दिवस चर्चा झाली. लोकांची मागणी नाही, वेळ आलेली नाही, पैसा नाही, सक्तीमुळे असंतोष माजेल, असे सरकार पक्षाचे मुद्दे. जीना आणि मालवीय यांनी पाठिंबा दिला. पण काही हिंदी जमीनदार सभासदही सरकारच्या बाजूला गेले. कुणब्याचा मुलगा शाळेत गेला तर शेतात कोण राबणार, ही भीती गोऱ्यांपेक्षा त्यांना अधिक होती. मतदान झाले. प्रस्तावाच्या बाजूने तेरा, विरुद्ध अडतीस. निकाल काय लागणार हे गोखल्यांना आधीच माहीत होते आणि भाषणात त्यांनी ते बोलूनही दाखवले होते. आपल्या पिढीच्या वाट्याला अपयशच यायचे आहे आणि त्या अपयशातूनच पुढच्यांची वाट निघेल, असा त्यांचा भाव होता. तक्रारीचा सूर त्यात नव्हता.

गोखले ज्या कोल्हापुरात शिकले, तेथे शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले. मुंबई कायदेमंडळात विठ्ठलभाई पटेल यांचे विधेयक १९१८ मध्ये मंजूर होऊन नगरपालिकांना सक्तीचा अधिकार मिळाला. सबंध देशाला लागू होणारा कायदा व्हायला २००९ साल उजाडले, आणि तो अमलात आला १ एप्रिल २०१० रोजी.

१९१२ च्या अखेरीस गोखले दक्षिण आफ्रिकेत गेले. गांधींनी त्यांचा सबंध दौरा आखला होता. गिरमिटमुक्त हिंदी मजुरांवरील तीन पौंडांचा कर रद्द होईल अशी तेथील मंत्र्यांच्या बोलण्यावरून त्यांची समजूत झाली होती. तसे झाले नाही, आणि १९१३ चा मोठा लढा उभा राहिला. मधुमेहाने खंगलेल्या शरीराने गोखले या लढ्यासाठी देशभरातून निधी जमवीत होते. त्यातच सनदी नोकऱ्यांविषयीच्या इस्लिंग्टन कमिशनचे काम त्यांच्यावर आले. १९१४ मध्ये देऊ केलेली ‘सर’ ही पदवी त्यांनी नाकारली. ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटले तेव्हा ते फ्रान्समध्ये होते. नंतर विलायतेत गांधी त्यांना भेटले. हिवाळ्याच्या आरंभी ते परत आले. जानेवारी १९१५ मध्ये गांधीही स्वदेशी परतले, तेव्हा एक वर्ष देशात फिरून केवळ पाहावे, बोलू नये, असा सल्ला त्यांनी गांधींना दिला.

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात गोखल्यांचे निधन झाले. वय अठ्ठेचाळीस. टिळक सिंहगडावर होते. ते तातडीने खाली आले आणि ज्यांच्याशी पंचवीस वर्षे वाद घातला त्या गोखल्यांचा त्यांनी स्मशानात मुक्त कंठाने गौरव केला. त्याआधी काही दिवस, मुंबईचे गव्हर्नर विलिंग्डन यांच्या विनंतीवरून, युद्धानंतर हिंदुस्थानला कोणत्या सुधारणा द्याव्यात याचे टिपण गोखल्यांनी अंथरुणावर पडल्या पडल्या तयार केले होते. प्रांतांना स्वायत्तता आणि प्रांतिक कायदेमंडळांत निवडून आलेल्या सभासदांचे भरघोस बहुमत ही त्यातील मुख्य कलमे. त्या टिपणात वरिष्ठ कायदेमंडळही वाढवायचे होते. मात्र तेथील सरकारी बहुमत तूर्त राहू द्यावे असे त्यांनी लिहिले. आगाखानांनी १९१७ मध्ये ते प्रसिद्ध केले.